तारेला सहा घरं

४ मार्च, रविवार

काडीपैलवान,

माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच टोपलीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. तिचं अक्षर बघून फसलास ना? आता उघडलंच आहेस तर वाच. माफीबिफी मागायला लिहीत नाहीये, घाबरू नकोस.

आज सकाळी तुझा फोन मीच उचलला. तू म्हणालास, "आईला दे." तीन वर्षं दर रविवारी माझ्या वाट्याला तुझे हे दोन शब्द येतात. सख्ख्या मोठ्या बहिणीला दोन शब्द! दूधवाला माझ्याशी जास्त बोलतो. फोनवर तू मला पुढे बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला काही "आईला दे" म्हणता येत नाही.

इकडची खबर अशी. आई ठणठणीत आहे, जिने चढते आणि वर जाऊन दम लागल्याचं नाटक करते, म्हणजे मी चहा टाकावा. तारेच्या कारखान्यात आमची टूलरूम नव्या शेडमध्ये हलतेय. सव्वीस वर्षं मी एकाच खिडकीपाशी उभं राहून तारेवर प्लास्टिक चढवायच्या डाय घासल्या, आता खिडकी उत्तरेची मिळणार आहे. उजेड चांगला येतो म्हणे.

आणि मला चष्मा लागला. हसू नकोस. आईने तीन वर्षं पिच्छा पुरवला होता. रविवारी जेवायला बसलो की हिचं टुमणं सुरू, डोळे तपासून घे, डोळे तपासून घे. मी म्हणायचे, केसाचा दहावा भाग हाताला कळतो माझ्या, डोळे कशाला हवेत? शेवटी गेल्या महिन्यात तिचं तोंड बंद करायला म्हणून गेले. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काम कसं करत होता तुम्ही?" म्हटलं, "हातांनी." ते काही हसले नाहीत.

शेड बदलायची म्हणून खण आवरत होते. सगळ्यात खाली तेलकट कागदात गुंडाळलेली तुझी ती डाय निघाली. वर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "फुसका बार". सोबत तुझं ड्रॉइंगही आहे, चार घड्या घातलेलं.

टाकून देऊ की ठेवू, एवढंच कळव.

ताई


११ मार्च

काडी,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. आज सकाळी "आईला दे" मात्र जरा हळू म्हणालास असं मला वाटलं. आई म्हणते लाईन खराब होती.

टाकलं नाही काही. ड्रॉइंग सहज उघडून बघितलं, नवीन चष्म्याची चाचणी म्हणून. चांगलं काढायचास तू, हे मी तेव्हाही म्हणायला हवं होतं. तांब्याची तार मधे, भोवती प्लास्टिकचं इन्सुलेशन, आणि त्या प्लास्टिकच्या अंगात तारेच्या लांबीभर धावणाऱ्या सहा बारीक पोकळ नळ्या, त्यात वायू. तू आईला स्वयंपाकघरात समजावलं होतंस ते मला आठवतंय. "आई, सिग्नलला प्लास्टिकमधून जाणं म्हणजे चिखलातून चालणं. आजूबाजूला वायू असला की तो मोकळा धावतो. शिवाय प्लास्टिक कमी लागतं, तार हलकी होते." आई म्हणाली होती, "मग सगळंच पोकळ कर की." आणि तू गंभीरपणे म्हणालास, "तार मधोमध धरायला भिंती लागतात गं." मी तिथेच उभी राहून कांदा चिरत होते आणि मनात म्हणत होते, ज्या प्लास्टिकमध्ये एक बुडबुडा येऊ नये म्हणून आम्ही जन्म घालवला, त्यात हा मुद्दाम भोकं पाडायला निघालाय.

असो. तुला सांगायचं कारण, मोठे साहेब सध्या कपाळाला हात लावून बसलेत. इस्पितळातल्या यंत्रांसाठी कुणाला तरी दोऱ्याइतकी बारीक, हलकी आणि सिग्नल न अडवणारी तार हवीय. जाड केली तर जड होते, बारीक केली तर सिग्नल मरतो. परवा ते टूलरूममध्ये येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या भावाची ती डाय आहे का हो कुठे?" मी म्हटलं, बघते. बघायला काय, ती माझ्या एप्रनच्या खिशातच होती.

तुझ्या ड्रॉइंगमध्ये त्या सहा पिना आहेत ना, ज्यांच्यामुळे प्लास्टिकमध्ये नळ्या पडतात, त्या प्रत्येक पिनेच्या मधून दोन रेषा गेल्यात. फार बारीक आहेत. मी त्या पहिल्यांदा, म्हणजे नव्याने बघितल्या. बाकी काही नाही.

औषधांच्या दुकानदाराने कुणाकरवी काही कळवलं तर काळजी करू नकोस, घरात सगळे बरे आहेत. मी त्याच्याकडून इंजेक्शनच्या तीस सुया घेतल्या, नुसत्या सुया. त्याने भुवया उंचावून विचारलं, "आजारी कोण आहे?" मी म्हटलं, "तार." तेव्हापासून तो मला जरा लांबूनच नमस्कार करतो.

ताई


२३ मार्च

काडीपैलवान,

हे पत्र माझं नाही, कारखान्यात लाईन चालवणाऱ्या आपल्या मामांचं आहे असं समज. तेच विचारतायत. मी फक्त लिहून देतेय.

कुणीतरी, म्हणजे टूलरूममधल्याच कुणीतरी, तुझ्या डायला नव्या पिना बसवल्या. पोकळ. मागून नायट्रोजनचं सिलिंडर जोडलं. आधी ड्रिलने पिनांना भोकं पाडायला गेले तर, गेलं तर, सात ड्रिल तुटले. मग सुयांची युक्ती सुचली. सुई आयतीच पोकळ असते आणि सरळही.

काल लाईन सुरू केली. मामांनी नेहमीप्रमाणे आधी मशीनला हात लावून मग कपाळाला लावला. पहिले दोन मीटर छान आले. मग तार फुगायला लागली. अरे, बेडकासारखी! गार करायच्या पाण्याच्या पन्हळीत उतरता उतरता एवढी टम्म झाली की मामा म्हणाले, "बाई, मागे सरा," आणि तेवढ्यात ती फाटकन फुटली. पाणी माझ्या चष्म्यावर, मामांच्या मिशीवर, स्टोअरवाल्याच्या डब्यात. मामा एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मीही हसले. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

मग दाब कमी केला. तर सहातल्या तीनच नळ्या उभ्या, तीन चपट्या. पुन्हा वाढवला तर पुन्हा बेडूक. वर तारेच्या मोकळ्या टोकातून पन्हळीतलं पाणी नळ्यांत शिरलं. तारेत दोष असला की वाजणारी स्पार्क टेस्टरची घंटा जी वाजायला लागली ती थांबेना. मामांनी शेवटी तिच्यावर टोपी टाकली.

तर मामांचा प्रश्न असा, दाब किती ठेवायचा आणि पाण्याचं काय करायचं? ते म्हणाले, "ज्याचं आहे त्याला विचारा ना." मी म्हटलं, तो मला उत्तर देणार नाही. ते म्हणाले, "तुम्हाला नाही देणार. मशीनला देईल."

पत्ता तुला ठाऊक आहेच.

मामांच्या वतीने,
ताई


२ एप्रिल

काडी! काडी! काडी!

तुझं कार्ड आलं. वर ना "प्रिय", खाली ना सही. नुसतं:

"दाब निम्मा. पहिली पन्हळ कोमट, दुसरी गार. टोक बांधून सोडा."

मी ते दारातच चार वेळा वाचलं. आईने विचारलं, "काय लिहिलंय एवढं?" मी म्हटलं, "दहा शब्द आहेत!" आईने ते हातात घेतलं, उलट केलं, सुलट केलं, आणि म्हणाली, "आईला दे तरी बरं, हे तर टेलिफोनपेक्षा कडू आहे." तिला काय कळतंय. "दे" एकेरी असतं. "सोडा" म्हणालायस तू. आदरार्थी! भले मामांसाठी असेल. मी माझ्या नावावर घेतलं.

आणि ऐक. आज दुपारी तुझ्या शब्दाबरहुकूम केलं. टोक वितळवून बंद केलं, वर मामांनी दोऱ्याची गाठही मारली, त्यांचा स्वतःचा विश्वास म्हणून. पन्हळीत पाणी कोमट. दाब निम्मा. मामांनी कळ दाबली आणि तार आली. नुसती येतच राहिली. पन्नास मीटर, शंभर, तीनशे. घंटा एकदाही वाजली नाही. मी ब्लेडने पातळ चकती कापली, चष्मा चढवला, वर भिंग धरलं.

भेंडी आडवी चिरल्यावर दिसते ना, अगदी तशी. भेंडीला पाच घरं असतात, आपल्या तारेला सहा. सगळी उभी, सगळी सारखी, मधे तांब्याचा ठिपका कसा ऐटीत बसलेला. मी भिंग मामांना दिलं, मामांनी साहेबांना, साहेबांनी पॅकिंगच्या मुलींना. रांग लागली रे! हातगाडीवाला सुद्धा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "सुंदर आहे, पण हे काय आहे?"

साहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही कमाल केलीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या घेतल्या आणि भिंग खिशात टाकलं.

उद्या लिहीन.

ताई


४ एप्रिल

काडी,

काल लिहिणार होते. तीन कागद फाडले. आज सरळ लिहिते.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तुझी तार चपटी का आली, ते मला महिनाभर माहीत आहे. ड्रॉइंग उघडलं त्याच दिवशी कळलं. पिनांमधून गेलेल्या त्या दोन रेषा म्हणजे आरपार भोक. वायू आत जायला वाट. वाटच नसली तर पिनेच्या पुढे पोकळी तयार होते खरी, पण आत काहीच नसतं, आणि गार पाण्यात गेली की बसते ना ती! तुझा विचार चुकला नव्हता. ड्रॉइंग चुकलं नव्हतं. पिना मी भरीव केल्या होत्या. मला त्या रेषा दिसल्याच नाहीत.

दिसत नव्हत्या, कारण तेव्हा मला वर्षभरापासून जवळचं दिसतच नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. टूलरूममधली एकटी बाई मी, त्यातून चष्मा लावला तर म्हणतील, झालं, बाईंचं संपलं. म्हणून बोटांवर काम रेटलं. ड्रॉइंगच्या खाली "तपासले" म्हणून चौकट असते, तिच्यात माझी ठसठशीत सही आहे. जे बघितलंच नाही त्याखाली मी सही ठोकली.

आणि मग तार बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तुझी तार वाळल्या वालाच्या शेंगेसारखी बाहेर आली तेव्हा पहिली हसले ती मी. फुसका बार हे नाव मी ठेवलं. आणि रात्रीच्या जेवणाला तुला म्हणाले, "आधी डोळे उघडे ठेवून काम करायला शीक." मी तुला म्हणाले! माझं मलाच आता तोंड लपवावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास आणि आठवड्यात घर सोडलंस.

काल सकाळी टाळ्यांचा आवाज कानात घेऊनच कामावर गेले. चहाच्या सुट्टीत सगळे नव्या शेडमध्ये होते. मी बाकावर चढले. बाक डुगडुगत होता, मामांनी धरला. म्हटलं, "काल टाळ्या चुकीच्या माणसाला वाजवल्यात." आणि सगळं सांगितलं. डाय, पिना, डोळे, सही. खिशातून जुनी भरीव पीन काढून दाखवली. आवाज चांगला निघाला. मला वाटलं, आता माझी छी थू होणार. पण पॅकिंगमधली मावशी म्हणाली, "बाई, कुठल्या डॉक्टरकडे गेलात? मलाही हल्ली सुईत दोरा जात नाही." आणि ज्या कारखान्यात मी चार वर्षं डोळे लपवले, तिथल्या निम्म्या लोकांना दिसत नाही असं निघालं रे! साहेबांनी स्वतःचा चष्मा खिशातून काढला. तेही लपवत होते. आता ते सगळ्यांची तपासणी करून घेणार आहेत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बाकावरून उतरले तेव्हा मामा हळूच म्हणाले, "त्याला माहीत होतं."

"कुणाला?"

"तुमच्या भावाला. पाहुणे गेल्यावर त्याने डाय उघडली, माझ्यासमोर. भिंग लावून पिना बघितल्या. बराच वेळ बघत होता. मग कागदात गुंडाळून तुमच्या खणात ठेवली. मला म्हणाला, मामा, गप्प बसायचं. आत्ता हे बाहेर आलं तर ताईची नोकरी जाईल."

मी तशीच घरी आले. अर्धा दिवस रजा टाकून. आई वाटाणे सोलत होती. मी विचारलं, "आई, चष्म्याचं टुमणं तुझ्या डोक्यात कुणी घातलं होतं?"

आईने मान वर न करता सांगितलं, "कुणी म्हणजे? रविवारी फोन कुणाचा येतो?"

"काय म्हणायचा?"

"पहिलं वाक्य तेच असायचं. ताईने डोळे दाखवले का? नाही म्हटलं की चिडायचा. म्हणायचा, माझं नाव सांगू नकोस, नाहीतर ती मुद्दाम जाणार नाही."

तीन वर्षं! "आईला दे" म्हणायचास आणि माझ्याच डोळ्यांची चौकशी करायचास. मी वाटाण्यांच्या टोपल्यावर वाकून रडले. आई म्हणाली, "टरफलांत रड, दाण्यांत नको."

तू माझ्यावर रागावलास ते पिनांवरून नाही, हे मला आता कळतंय. तू मला वाचवून गप्प उभा होतास आणि मी तुलाच हसत होते. त्याचा राग आला. यायलाच हवा. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की माफी मागायला लिहीत नाहीये. ते खोटं होतं. तिथपासून हेच लिहायचं होतं, हिंमत होत नव्हती. माझं चुकलं, काडी. मी तुझ्या कामाला हसले, तुला घराबाहेर काढलं, आणि तू तिकडे बसून माझे डोळे राखलेस. मला माफ कर.

ताई


१६ एप्रिल, सोमवार

काडीपैलवान,

कालचं तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूचंच. इकडे काय झालं ते ऐक.

त्याच्या आदल्या रविवारी तू पुन्हा "आईला दे" म्हणालास. पत्र तुला पोचलं नव्हतं हे मला आता कळतंय, पण तेव्हा माझा जीव अर्धा झाला. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. मामांनी विचारलं, "बाई, तुमच्यातलाही वायू गेला काय?"

म्हणून काल फोन वाजला तेव्हा मी मोरीत जाऊन कपडे धुवायला बसले. ऐकायचंच नाही म्हटलं. फोन आईने उचलला. "हं, बोल," म्हणाली. मग म्हणाली, "काय? पुन्हा सांग." मग रिसीव्हर छातीशी धरून मोरीच्या दारात आली, चेहरा असा, जणू कुणी तिची खुर्ची ओढून घेतलीय.

"माझ्याशी बोलायचंच नाही म्हणतोय," ती म्हणाली. "म्हणाला, ताईला दे."

मी साबणाच्या हातांनीच धावले. रिसीव्हर हातातून सटकला, भिंतीवर आपटला, तो तू ऐकलेला धाडकन आवाज. तुला वाटलं मी पडले. पडले नव्हते. मग कानाला लावला. एवढ्या लांबून पैसे खर्चून दोघंही नुसते श्वास ऐकत उभे. आणि शेवटी तू काय विचारलंस? "नंबर किती आहे?" मी म्हटलं, "कशाचा?" "चष्म्याचा गं." आणि मी जी हसले, जी हसले! आईला वाटलं मी रडतेय, ती पाणी घेऊन आली. मग मी रडले, तेव्हा ती म्हणाली, आता काय झालं, आत्ता तर हसत होतीस.

आपण पाऊण तास बोललो. शेवटी तू म्हणालास, "आता आईला दे," आणि आई म्हणाली, "नको, मला झोप आलीय," आणि खरंच जाऊन झोपली. एवढी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

आता कामाचं. पंचवीस तारखेला पहिला मोठा माल निघणार आहे, पाच किलोमीटर. साहेबांनी तुला वेगळं पत्र धाडलंय, नोकरीचं तू तुझं ठरव, मी त्यात पडणार नाही. पण पंचवीसला ये. मामांनी तुझ्यासाठी गाठ मारायचा दोरा बाजूला काढून ठेवलाय. जुन्या कागदावरचं "फुसका बार" मी खोडलं आणि तो खणात परत ठेवला. फेकवला नाही.

ड्रॉइंग नव्याने काढलंय, या वेळी मी, नव्या खिडकीपाशी, चष्मा लावून. पिनांमधल्या त्या दोन रेषा जाड काढल्यात, आंधळ्यालाही दिसतील अशा. "रचना" या चौकटीत तुझं नाव घातलंय. "डाय" या चौकटीत माझं. "तपासले" ही चौकट मी रिकामी ठेवलीय.

ती तुझी. ये, भिंग घेऊन सावकाश बघ, मगच सही कर. मी शेजारी उभी राहून बघणार आहे.

तुझी
ताई